धोंडिबाच्या कुत्र्याला मी वळण लावले

प्रथमच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःची बाजू सावरून घेतली. धोंडिबा धनगराचा चांगला, कामाचा, निर्दोष कुत्रा बिघडवला तो मी. दुसऱ्या कोणी नाही. आणि तोही दुर्लक्षाने नव्हे! अत्यंत लक्षपूर्वक, दीड महिना, वेळापत्रक आखून.

चहा घ्या, निवतो आहे. मध्ये मध्ये हसू आले तर खुशाल हसा, माझी हरकत नाही. मात्र शेवटालाही हसू आले तर मला सांगा. कारण मला स्वतःला ते आजवर जमलेले नाही.

तेव्हा आपल्याकडे निजामाचे राज्य होते. कळंब तालुक्यात, येरमाळ्याच्या अलीकडे एका गावी मी मुलींच्या शाळेवर होते. शाळा म्हणजे काय? एक खोली, एक फळा, एकोणचाळीस मुली, एक पितळी घंटा आणि मी. वय सव्वीस, पण दरारा विचारू नका! चौकटीत उभी राहून मी घंटा एकदा वाजवली की एकोणचाळीस मुली खाली बसत आणि तोंडे मिटत. दुसऱ्यांदा वाजवली की उठत. मधल्या वेळात माशी उडाली तरी तिने परवानगी घ्यावी, अशी शांतता. एकदा तपासणीला आलेले साहेबसुद्धा पहिल्या घंटेला चटकन खुर्चीत बसले होते. आता तुम्हीच सांगा, अशा बाईला गर्व होणार नाही तर कोणाला होईल?

शाळेला लागून शिवाप्पा वाण्यांचे शेत होते. आप्पा मूळचे उमरग्याकडचे, त्यामुळे बोलता बोलता मध्येच कानडी शब्द टाकायचे. ज्वारी निघाली की त्या मोकळ्या रानात ते धोंडिबाची मेंढरे बसवीत. कळप मुक्कामाला शेतात बसला की लेंड्यांचे आयते खत पडते. बदल्यात धनगराला पोते-दोन पोती ज्वारी. असा तो वर्षानुवर्षांचा व्यवहार. धोंडिबाबरोबर त्याची म्हातारी आई बायजाआजी असायची, दीडशे मेंढरे असायची, आणि या सगळ्यांचा राखणदार खंड्या असायचा.

खंड्या काळाभोर, छातीने रुंद, आणि नाकाडावर लांडग्याच्या दाताची जुनी खूण असलेला. मेंढरांतच जन्मला, कोकरांच्या उबेला वाढला. माणसांशी त्याचा संबंध कामापुरता. आमच्या मुली शाळेत येताना त्या शेताला अर्धा फर्लांग वळसा घालून येत.

शिमग्याच्या सुमारास खंड्याचा पुढचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली आला. इकडे चारा संपत आलेला, कळपाला घाटाकडे हलणे भाग होते. धोंडिबा त्याला खांद्यावर घेऊन माझ्या दारात आला.

"बाईसाहेब, ह्याला चालवत न्हाय. पाय बसंपतुर ठिवून घ्या. गावात कुनावर इस्वास न्हाय माझा. ही तुमच्याकडं अमानत."

"ठेवते की! काय काय करायचे ते सांगा," म्हणून मी वही उघडली.

"करायचं काईच न्हाय, बाई. करायचं न्हाय तेच लई हाय. बांधू नका. लाड करू नका. भाकर लांबनं टाका, हातानं भरवू नका. आन् भुकला तर गप म्हनू नका."

"भुंकला तरी?"

"भुकनं ही त्याची चाकरी हाय."

"बरे. आणि 'बैस' म्हटलेले त्याला कळते का?"

धोंडिबा गोंधळला. "बसायचं कशाला शिकवायचं? दमला की बसतंय की त्ये."

मी सगळे सुवाच्य अक्षरात टिपून घेतले, खाली रेघ ओढली, वही मिटली, आणि त्यातले एकही अक्षर पाळायचे नाही असे ठरवले. ज्याने आयुष्यात पाटी हातात धरली नाही, त्याने मला शिस्तीचे धडे द्यावेत? मला?

या विषयात आप्पांचे मत तिसरेच होते. ते ओट्यावरून ओरडले, "बाई, नायी हाय त्ये, नायी! कुत्रं! उंबऱ्याच्या भायेर ठिवायचं, दोन टायमाला शिळी भाकरी टाकायची, आन् आत आलं की लाकूड घालायचं. झालं त्याचं शिक्षण."

"आप्पा, लाकडाने कोणी शिकत नाही. घाबरते फक्त."

"आन् तुमच्या घंटेनं पोरी शिकत्यात व्हय? त्या बी घाबरत्यातच की."

अशिक्षित माणसाशी वाद घालू नये, असे माझे तेव्हाचे मत होते.

पाय बरा होईपर्यंत मी थांबलेसुद्धा नाही. तिसऱ्याच दिवशी खंड्याचा पहिला तास झाला. पद्धत शाळेचीच. घंटा एकदा वाजली की बसायचे, तोंड मिटायचे, आणि काहीही होवो, जागचे हलायचे नाही. घंटा दुसऱ्यांदा वाजली की उठायचे, आणि मग माझ्या हातून लोणी लावलेली ज्वारीची भाकरी! घंटेच्या जोडीला तीन शब्द: बैस, गप्प, थांब. 'बस' नव्हे हं, 'बैस'. कुत्रा झाला म्हणून त्याच्याशी कसेही बोलावे असे थोडेच आहे?

पहिले चार दिवस त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच जखमी आहे. पाचव्या दिवशी लोण्याने काम केले. दहाव्या दिवशी तो घंटेला मुलींच्या आधी बसू लागला. मी त्याला वर्गाच्या दारात बसवू लागले आणि मुलींना सांगू लागले, "बघा, मुक्या जनावराला जमते!" त्या बिचाऱ्यांनी त्याचा किती राग केला असेल!

त्याला जीव लावू नका असे धोंडिबाने स्पष्ट सांगितलेले नव्हते, पण त्याच्या सांगण्याचा अर्थ तोच होता. तोही नियम मोडला. संध्याकाळी मी वह्या तपासत बसले की तो माझ्या पायावर हनुवटी टेकवून पडायचा. मी एकटी राहत असे. वह्या तपासायला मला त्या महिन्यात फार वेळ लागू लागला.

मला एक सूचना वेळेवर मिळाली होती, तीही सांगते. चैत्रात मी अंगणात कुरडया वाळत घातल्या आणि खंड्याला राखणीला बसवले. घंटा वाजवली आणि पाणी आणायला गेले. परत येते तो काय? आप्पांची गाय बाजेवरच्या कुरडया शांतपणे खाते आहे, आणि हातभर अंतरावर खंड्या ताठ बसून तिच्याकडे सौजन्याने पाहतो आहे!

"बाई, राखणदार लई भला हाय तुमचा!" आप्पा हसून लोळायचे बाकी होते. "माझ्या गाईला पंगतीला बसवलं त्यानं!"

"आप्पा, तो हलला नाही, हे पाहा ना! समोर गाय, तरी आज्ञा मोडली नाही."

"आवो, पन कुरडया गेल्या!"

"कुरडया पुन्हा करता येतील," मी म्हणाले. ऐकलेत? असे म्हणाले मी.

वैशाखात धोंडिबा परतला. आप्पांच्याच शेतात कळप उतरला. मी आधीच आप्पांना, बायजाआजींना आणि धोंडिबाला अंगणात बोलावून ठेवले होते. प्रात्यक्षिक दाखवायचे होते ना! धोंडिबा फाटकातून आत आला, खंड्याने त्याला पाहिले, उडी घ्यायला अंग आखडले, आणि नेमक्या त्या क्षणी मी घंटा वाजवली.

खंड्या बसला. दीड महिन्याने धनी दिसला, आणि तो बसला. फक्त शेपटी जमिनीवर अशी आपटत होती की धुळीचा लोट उठला. घशातून बारीक आवाज निघाला, तोही मी "गप्प" म्हणताच थांबला.

मी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिले. आप्पांनी टाळी वाजवली. धोंडिबाने पटक्याच्या शेवाने तोंड पुसले.

"लई शिकला," एवढेच तो म्हणाला.

बायजाआजी पुढे झाल्या. त्यांनी खंड्याचे कान चाचपले, मान चाचपली, मग मला विचारले, "भुकतो का गं, बाई?"

"अजिबात नाही!" मी म्हणाले.

मायलेक त्याला घेऊन गेले. तो जाताना तीनदा मागे वळून पाहत होता, आणि मीही जरा जास्त वेळ फाटकात उभी होते, हे आप्पांनी पाहिले नसावे अशी आशा आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी बायजाआजी दारात.

"मास्तरीणबाई, तुमचा इद्यार्थी बसलाय. चला, उठवा त्याला."

मी शेतावर गेले आणि पाहते तर काय! धनगराच्या कळपापुढे एक बोकड चालतो, त्याला म्होरक्या म्हणतात. त्याच्या गळ्यात पितळी घंटा असते. झुडपांत मागचे मेंढरू दिसेनासे झाले तरी ते त्या आवाजावर चालत राहते. ही घंटा मी कधी पाहिली नव्हती का? दरवर्षी पाहत होते! रोज पहाटे तिच्याच आवाजाने मला जाग येत असे. आणि माझी शाळेची घंटा नि म्होरक्याची घंटा, दोन्ही कळंबच्या बाजारातल्या एकाच ओताऱ्याच्या हातच्या. एकाच ओतीव पितळेच्या, एकाच आवाजाच्या.

म्होरक्याने मान हलवली, घंटा वाजली, खंड्या बसला. म्होरक्याने पाऊल टाकले, घंटा वाजली, खंड्या उठला आणि भाकरीच्या आशेने इकडेतिकडे पाहू लागला. पुन्हा घंटा, पुन्हा बैठक. कळप चालला पुढे, आणि मागे सबंध शेतभर हा कुत्रा उठाबशा काढत चालला होता! वर्गात उशिरा आलेल्या मुलीला मी जी शिक्षा देत असे ना, तीच.

शेजारच्या शेतातली माणसे काम टाकून बांधावर बसली. आप्पा मोजत होते. "चाळीस! बाई, चाळीस झाल्या! काय गुन्हा केला हो यानं?"

मला हसू आले नाही. धोंडिबालाही आले नाही.

"ती घंटा काढून टाका," मी म्हणाले.

"घाटात झुडपं हायती, बाई. घंटा न्हाई तर निम्मी मेंढरं वाट चुकत्यात."

"मग मी याला विसरायला शिकवीन."

"आनखी शिकवता?" धोंडिबा इतक्या हळू म्हणाला की तो रागावला असता तर बरे वाटले असते.

त्या राज्यात शाळेला सुट्टी शुक्रवारी असायची. त्या शुक्रवारी मी कळपाबरोबर निघाले. माझी घंटा मुद्दाम घरी ठेवली. हातात फक्त वही. म्होरक्याची घंटा वाजून खंड्या बसला की शाबासकी द्यायची नाही, मानेला धरून पुढे चालवायचे, आणि नोंद करायची. दुपारपर्यंत वीस वेळा पाहिले. तेरा वेळा बसला, सात वेळा चालत राहिला. आता तुमच्याशी खोटे कशाला बोलू? वीसपैकी सात गुण पाहून मी खूष झाले. पुढच्या शुक्रवारी दहा पडतील, असा हिशेबही मनात मांडला.

उन्हे कलत असताना येरमाळ्याच्या टेकड्यांखाली एका ओढ्याशी कळप पाणी पीत होता. बायजाआजींच्या ओच्यात चार दिवसांचे एक कोकरू होते. दिवसभर त्यांनी ते चालवले नव्हते. ओंजळीने पाणी प्यायला वाकताना त्यांनी ते खाली ठेवले.

कपारीतून लांडगा निघाला. मी पुस्तकातले चित्र मुलींना दाखवत असे, त्यापेक्षा बराच बारीक आणि अजिबात घाई नसलेला.

म्होरक्या उधळला. घंटा वेड्यासारखी वाजू लागली, एकदा नाही, दोनदा नाही, सतत. आणि खंड्या बसला. घंटा थांबेना, म्हणून तो उठेना.

त्याला काय दिसत होते ते त्याला कळत नव्हते असे समजू नका. पाठीवरचा केस न् केस उभा होता. तोंडातून लाळ गळत होती. चारी पाय थरथरत होते. घशाशी आलेले भुंकणे तो गिळत होता, आणि लांडग्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता.

"जा!" मी ओरडले. "जा, खंड्या! धर! जा!"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. कारण बैस, गप्प आणि थांब. माझ्या अभ्यासक्रमात 'जा' हा शब्दच नव्हता!

मग मी स्वतः धावले. होय, लांडग्यावर! नऊवारी सावरत, एक वहाण ओढ्यात गेलेली, तोंडाने "हट्, हट्" करीत. वही होती ती फेकून मारली. लांडग्याने एकदा माझ्याकडे पाहिले. असा अनादर मी तपासणीच्या साहेबांकडूनही कधी सोसला नव्हता. त्याने कोकरू उचलले आणि तो गेला. कळपाच्या दुसऱ्या टोकाकडून धोंडिबा काठी घेऊन धावत आला, तेव्हा कपारीत हलणाऱ्या गवताखेरीज तिथे काही उरले नव्हते.

म्होरक्या थांबला. घंटा थांबली, आणि त्याने मान झटकताच पुन्हा एकदा वाजली. खंड्या उठला. जिथे कोकरू होते तिथली माती त्याने हुंगली, सावकाश, सगळ्या बाजूंनी. मग तो लंगडत माझ्याकडे आला आणि माझ्यासमोर नीट बसून त्याने तोंड वर केले.

भाकरीसाठी. त्याने धडा बिनचूक म्हटला होता ना! आजवर इतका कठीण धडा त्याला कोणी विचारला नव्हता, आणि तो एकाही चुकीशिवाय उत्तीर्ण झाला होता.

माझ्याकडे भाकरी नव्हती. असती तरी काय केले असते, ते मला आजही ठरवता आलेले नाही.

दिवेलागणीला आप्पांच्या शेतात आम्ही बसलो: धोंडिबा, बायजाआजी, आप्पा आणि मी. त्या कोकराची आई वाघरीशी, म्हणजे कळपाभोवतीच्या जाळीशी, उभी राहून ओरडत होती, म्हणून सगळ्यांना जरा मोठ्याने बोलावे लागत होते.

"ह्यो आता माझ्या कामाचा न्हाय," धोंडिबा म्हणाला. "बाईंनाच देऊन टाकतो. त्यांच्यात रमलाय."

मी ताबडतोब "घेते" म्हणणार होते. अगदी ओठांवर आले होते. खरे सांगायचे तर त्या दुःखातही माझ्या मनाला आनंद झाला होता, आणि त्याची लाज मला कोकराच्या लाजेइतकीच वाटते.

"गप ऱ्हा," बायजाआजी लेकाला म्हणाल्या. "खंडोबाचं कुत्रं हाय. असं कुनाला देऊन टाकायचं नसतंय. आन् चूक त्याची हाय का? त्यानं तर सांगितलं तसं केलं."

"मग चूक कुनाची?" आप्पांनी उगाचच विचारले.

कोणी माझ्याकडे पाहिले नाही. चारचौघांत माझी मर्यादा राखली जावी आणि ती मला इतकी बोचावी, असे त्याआधी कधी झाले नव्हते.

"माझी," मी म्हणाले. "आता काय करू ते सांगा. मी तसे करीन."

"करायचं काईच न्हाय, लेकी," म्हातारी म्हणाली. त्या मला प्रथमच बाई म्हणाल्या नाहीत. "म्होरक्याची घंटा काढू. दोन म्हैने म्या म्होरं चालते, तोंडानं हाळी देत. माझा आवाज अजून बोकडापरीस बरा हाय. कुत्रं मेंढरांत ऱ्हाईल, कोकरात झोपंल, हळूहळू इसरंल. पन तुमी त्याच्या नजरंला पडायचं न्हाय. तुमी दिसलात की त्याला शाळा याद यील."

"किती दिवस?"

"त्ये भुकंस्तोवर."

असा निर्णय झाला. धोंडिबाने मान हलवली. आप्पा कानडीत "हौदु, हौदु", म्हणजे होय होय, म्हणाले, आणि आपल्या शेताच्या कडेने माझ्या बाजूला काट्याचे कुंपण घालून देतो असेही म्हणाले, म्हणजे मला इकडून तिकडे दिसायला नको. मी "मान्य" म्हणाले. नुसते म्हणाले नाही, त्या लहानशा सभेत सवयीने हातही वर केला.

वर्गाच्या भल्यासाठी खोडकर मुलीचे नाव पटावरून कमी करण्याचा प्रसंग माझ्यावर पुढे अनेकदा आला. परंतु विद्यार्थ्याच्या भल्यासाठी शिक्षिकेचेच नाव कमी करावे, असा ठराव मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. तो एकमताने संमत झाला, आणि त्याला अनुमोदन देणारी मीच होते.